टीबी नाही. मग काय आहे?

कबुतरांना दाणे टाकण्यासाठी मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस चार जागा ठरवल्या. एक वरळीला. उरलेल्या तिन्ही उपनगरांत: अंधेरी पश्चिमेला लोखंडवाला बॅक रोडची खारफुटीची बाजू, ऐरोली-मुलुंडचा जुना जकात नाका आणि बोरिवली पश्चिमेचं गोराई मैदान. त्याआधी दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून रण पेटलं होतं. ताडपत्री लागली, फाडली गेली, कोर्टाने फटकारलं, मोर्चे निघाले. दोन्ही बाजू फुप्फुसांबद्दल बोलत होत्या. पण ज्यांची फुप्फुसं आधीच गेलेली आहेत, त्यांच्या केसपेपरवर पुढे काय लिहिलं जातं, हे कुणी विचारलं नाही. ते आज विचारायचं आहे.

कबुतरांचा धोका खरा आहे, त्यात शंका नको. त्यांच्या विष्ठेतल्या आणि पिसांतल्या प्रथिनांवर काही जणांचं शरीर भडकतं, फुप्फुसं सुजतात, सूज मुरत जाते, वण पडतात आणि फुप्फुसं कडक होत जातात. हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात त्याला. फुप्फुसं कडक करणाऱ्या आजारांची भारतातली मोठी नोंदणी २०१७मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या १,०८४ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना, ४७ टक्क्यांना, हाच आजार होता. तेव्हा दाणे घराजवळून हलले ते बरंच झालं. मात्र ते हलवून दुसऱ्या वस्तीच्या उंबऱ्यावर ठेवणं हा उपाय नव्हे.

तरीही कबुतरांचं भांडण सोपं आहे, कारण कबुतर दिसतं. खोकणाऱ्या माणसाच्या छातीत जे राहतं ते दिसत नाही, आणि ते बघण्याची आपल्याकडे पद्धतच नाही. आपण एकच प्रश्न विचारतो: टीबी आहे का?

हा प्रश्न आधी विचारलाच पाहिजे. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि या शहरात औषधांना दाद न देणाऱ्या टीबीने किती घरं उद्ध्वस्त केली ते आपल्याला ठाऊक आहे. उत्तर देणारी यंत्रंही आता चांगली आहेत. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट तासाभरात सांगतं, टीबी आहे की नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये त्याची शिफारस केली. पण उत्तर ‘नाही’ आलं की फाइल मिटते. ‘ॲलर्जी आहे’, ‘धूळ आहे’, ‘वय झालं’. एक सिरप, एक पंप, आणि बहुतेकदा एक अँटिबायोटिक. घाटकोपरच्या चाळीतल्या एका बाईंना टीबी नाही, एवढ्यावर सगळे खूश. त्या मात्र रोज सकाळी कपभर पिवळा बेडका काढतात. तो बेसिनमध्ये जातो.

तोच बेडका मला महत्त्वाचा वाटतो. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत जगातल्या छातीच्या संशोधनाचा मोठा हिस्सा त्याच्याभोवती फिरतो आहे.

निरोगी फुप्फुसं निर्जंतुक असतात, असं डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. २००७मध्ये अमेरिकेने माणसाच्या अंगावरच्या आणि अंगातल्या सूक्ष्मजीवांची मोजदाद हाती घेतली, तेव्हा तोंड, नाक, त्वचा, आतडी यादीत होती, फुप्फुसं नव्हती. मग २०१०मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या मार्कस हिल्टी, मिरियम मॉफॅट आणि विल्यम कुकसन यांच्या गटाने थोड्याच माणसांच्या श्वासनलिकेतून नमुने घेतले. ते बशीत वाढवायच्या भानगडीत न पडता त्यांनी थेट जंतूंची जनुकं वाचली. बशीत उगवतात ते मूठभर जंतू. जनुकं वाचली की न उगवणारेही सापडतात. निरोगी माणसाच्या श्वासनलिकेतही जंतू होते. दम्याच्या आणि सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) रुग्णांत मात्र वस्ती वेगळी होती: हिमोफिलस आणि त्याचे भाईबंद जास्त, प्रिव्होटेलासारखे निरोगी माणसात आढळणारे कमी.

पुढे मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट डिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची रीत मांडली. झोपेत, गिळताना, तोंडातली लाळ थेंबाथेंबाने खाली उतरतच असते आणि तिच्याबरोबर जंतू. खोकला, श्वासनलिकेतले सूक्ष्म केस आणि पांढऱ्या पेशी त्यांना सतत बाहेर काढतात. निरोगी फुप्फुस म्हणजे अंधेरी स्टेशनचा प्लॅटफॉर्म: गर्दी प्रचंड, पण मुक्कामाला कुणी नाही. श्वासनलिका फुगून सैल झाली, केस झडले, कफ साचला की निघायची वाट बंद होते आणि जे आले ते राहू लागतात. त्यातला एखादा दांडगा सगळी जागा बळकावतो. आजार जितका जुना आणि गंभीर, तितकी जंतूंची विविधता कमी होत जाते. शेवटी बऱ्याच रुग्णांत एकट्या सुडोमोनसचं किंवा हिमोफिलसचं राज्य उरतं.

आता उपनगरात या. इथे श्वासनलिका सैल व्हायचं सगळ्यात मोठं कारण काय? सिगारेट नव्हे. ब्रॉन्किएक्टेसिस, म्हणजे श्वासनलिका कायमच्या फुगून कफाने भरण्याचा आजार, याच्या २,१९५ भारतीय रुग्णांची नोंदणी देशातल्या ३१ केंद्रांत २०१५ ते २०१७ या काळात झाली आणि २०१९मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आली. डॉ. राजा धर त्याचे मुख्य लेखक. सर्वांत मोठं कारण निघालं पूर्वी होऊन गेलेला टीबी: ३५.५ टक्के. म्हणजे ज्याला आपण ‘बरा झाला’ म्हणून कोर्सचं कार्ड बंद केलं, तोच पाच-दहा वर्षांनी रोज कपभर कफ काढत परत येतो. जंतूंमध्ये सुडोमोनस सर्वांत पुढे. आणि आता जे सांगतो ते मला सर्वांत जास्त बोचलं: या २,१९५ जणांपैकी बुरशीच्या ॲलर्जीसाठी तपासलेले फक्त ३८८. ही तपासणी केलीच पाहिजे असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आणि ही गोष्ट नोंदणीत भाग घेणाऱ्या, म्हणजे त्यातल्या त्यात सजग केंद्रांची.

बुरशीवर जरा थांबू. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्याला बुरशी समजावून सांगायची गरज नाही. ऑगस्टमध्ये कपाट भिंतीपासून ओढून बघा. टीबीने फुप्फुसात पोकळी करून ठेवलेली असेल तर एस्परजिलस नावाची बुरशी त्यात घर करते, गोळा होऊन वाढते, आणि एक दिवस थुंकीत रक्त येतं. रक्त दिसलं की घरचे म्हणतात, टीबी उलटला. कधी डॉक्टरही तसंच समजतात आणि बेडक्यात टीबी सापडलेला नसताना एकेटी, म्हणजे टीबीचा औषधोपचार, पुन्हा सुरू होतो. सहा महिने चुकीच्या औषधांचे, आणि पोकळीतला गोळा जागच्या जागी. सिंगापूरच्या डॉ. संजय चोतिरमल यांच्या गटाने ब्रॉन्किएक्टेसिसच्या रुग्णांमधली बुरशी मोजली तेव्हा सिंगापूर-क्वालालंपूरच्या रुग्णांत एस्परजिलसची एक जात पुढे निघाली आणि स्कॉटलंडच्या डंडीतल्या रुग्णांत दुसरी. हवा बदलली, छातीतली वस्ती बदलली. डंडीचं पुस्तक वाचून मुलुंडची छाती समजणार नाही.

तरी आपल्याकडे पहिलं औषध डंडीचं पुस्तकही न वाचता दिलं जातं. अंधेरी पूर्वेला स्टेशनबाहेर कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर पाच मिनिटं उभे राहा. ‘खोकला जात नाही’ म्हटलं की ॲझिथ्रोमायसिन ५००ची तीन गोळ्यांची पट्टी पुढे येते. रोज एक, तीन दिवस. चिठ्ठी कुणी मागत नाही, बिल कुणी देत नाही. हे फक्त माझं बघणं नव्हे: २०१९च्या विक्रीच्या आकड्यांवरून केलेल्या अभ्यासात भारतात खासगी बाजारात सर्वांत जास्त खपलेलं अँटिबायोटिक ॲझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी हेच निघालं.

हे औषध वाईट नाही. हीच गोळी नीट पारख करून, महिनोन्‌महिने, देखरेखीखाली दिली तर दमा आणि सीओपीडीचे झटके कमी होतात, हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालंय. सीओपीडीसाठी २०११मध्ये अमेरिकेत, दम्यासाठी २०१७मध्ये ऑस्ट्रेलियात. पण त्याच ऑस्ट्रेलियन रुग्णांचा कफ नंतर तपासला तेव्हा औषधाला न जुमानणारी जनुकं वाढलेली दिसली. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये तर आणखी धडा मिळाला. ॲझिथ्रोमायसिनच्याच कुळातल्या एरिथ्रोमायसिनची चाचणी झाली, आणि २०१४मध्ये तिच्यातल्या जंतूंचं विश्लेषण आलं. ज्यांच्या छातीत सुडोमोनसचं राज्य होतं त्यांना औषधाचा फायदा झाला. ज्यांच्या छातीत नव्हतं त्यांना फायदा तर झाला नाहीच, उलट त्यांच्यात सुडोमोनस वाढला. एकच गोळी, एकच आजार, आणि फरक फक्त आत कोण राहतं याचा. म्हणून ब्रिटिश तज्ज्ञ बजावतात की हे औषध लांब पल्ल्यासाठी सुरू करण्याआधी टीबीच्या चुलतभावांचं, म्हणजे टीबी नसलेल्या मायकोबॅक्टेरियांचं, कल्चर करून घ्या. नाही तर त्यांना औषधाची सवय होते आणि मग त्यांच्यावर ते चालत नाही.

लेव्होफ्लॉक्सासिनची गोष्ट त्याहून गंभीर. ते टीबीलाही थोडं दाबतं. खोकल्यावर आठवडाभर ते घेतलं की ताप उतरतो, बरं वाटतं, टीबी लपतो, आणि महिन्याने सापडतो तेव्हा कदाचित त्याच औषधाला सरावलेला असतो. ज्या शहरात २०१२मध्ये हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया यांच्या गटाने सगळ्याच औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे चार रुग्ण जगासमोर मांडले, त्या शहरात हे औषध खोकल्यावर बिनचिठ्ठीचं मिळतं. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

डॉक्टरांनाही थोडं सांगायचं आहे. उदवाडियांनीच २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या धारावीच्या पाहणीत १०६ खासगी डॉक्टरांनी साध्या टीबीसाठी ६३ वेगवेगळे औषधक्रम लिहून दिले होते. बरोबर होते सहा जणांचे. टीबीत ही तऱ्हा, तर ज्या आजाराचं नावही केसपेपरवर नाही त्यात काय होत असेल?

इतकं सगळं ऐकल्यावर कुणाला वाटेल की जंतू सापडले, आता मारून टाका, म्हणजे फुप्फुसं बरी. तसं नाही, आणि याच टप्प्यावर बाजार आपल्याला फसवतो. फुप्फुसं कडक होण्याच्या एका जीवघेण्या आजारात, आयपीएफमध्ये, जंतूंचा भार जास्त असेल तर आजार लवकर बळावतो, असं दिसलं होतं. मग अमेरिकेत ५१३ रुग्णांवर अँटिबायोटिकची चाचणी झाली. २०२१मध्ये निकाल आला: फायदा नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. जंतू आजाराचं कारण होते की आजाराने मोकळ्या सोडलेल्या जागेत शिरलेले होते, हा प्रश्न अजून उघडाच आहे. कबुतरांच्या आजारात लंडनच्या गटाने २०२१मध्ये पाहिलं तर जंतूंचा भार निरोगी माणसापेक्षा जास्त, पण आयपीएफपेक्षा कमी, आणि त्यावरून रुग्ण किती जगेल हे सांगता आलं नाही. प्रामाणिक शास्त्र असंच असतं. ‘आमचं अनुमान चुकलं’ हेही छापून सांगतं.

बाजार असं सांगत नाही. ‘गट हेल्थ’च्या पुड्या आता ‘लंग इम्युनिटी’च्या लेबलाने विकल्या जाऊ लागल्या आहेत. आतडी आणि फुप्फुसांचं नातं खरं आहे. स्वित्झर्लंडमध्ये २०१४मध्ये उंदरांना तंतुमय खाणं दिलं तेव्हा आतड्यातल्या जंतूंनी त्यातून जी आम्लं बनवली त्यांनी श्वासनलिकेतली ॲलर्जी शमवली. टीबीची औषधं घेतलेल्यांच्या आतड्यातली वस्ती कोर्स संपून वर्ष उलटलं तरी पूर्ववत झाली नव्हती, हे हैतीमधल्या रुग्णांत २०१७मध्ये दिसलं. पण यातून कुठलीही पुडी सीओपीडी बरा करते असं निघत नाही. उंदराची गोष्ट दाखवून माणसाला हजार रुपयांचा डबा विकणं हा अपराध आहे. ज्वारीची भाकरी, उसळ आणि पालेभाजी यातून तंतू मिळतात, आणि त्याला एमआरपी लागत नाही.

आणि हे वाचून पंप बंद करू नका. पंपातल्या स्टेरॉइडने सीओपीडीच्या रुग्णांत न्युमोनियाचा धोका थोडा वाढतो, हे २००७मधल्या मोठ्या चाचणीत दिसलं, म्हणून कुणाला स्टेरॉइड हवं आणि कुणाला नुसता श्वासनलिका रुंदावणारा पंप पुरेल, हे डॉक्टरांनी ठरवायचं. दम्यात स्टेरॉइडचा पंप जीव वाचवतो. ‘पंपाची सवय लागते’ या अफवेने आपल्याकडे फार माणसं दगावली आहेत. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरा आणि पाणी थुंकून द्या. औषध तोंडात राहिलं तर जिभेवर पांढरी बुरशी धरते. शिवाय छातीत उतरणाऱ्या जंतूंचा मुख्य पुरवठादार तोंडच आहे. किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या घेऊन फिरणाऱ्या दमेकऱ्याला छातीच्या डॉक्टरने दातांच्या डॉक्टरकडे पाठवायला हवं. किती जण पाठवतात?

बेडका द्यायचा कसा, हेही आपल्याकडे कुणी नीट शिकवत नाही. खिडकीतून डबी हातात दिली जाते, ‘थुंकून आणा’ म्हणतात, आणि माणूस जिन्यात उभा राहून लाळ भरतो. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. तोंडाच्या चपट्या पेशी खूप आणि पू पेशी नाहीत, म्हणजे ही छातीतली नव्हे, तोंडातली. अशा नमुन्याचं कल्चर लावून उपयोग नसतो. जे उगवेल ते तोंडातलं असतं. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन खोल श्वास घ्यावेत, श्वास रोखावा आणि पोटापासून जोर लावून खोकावं. घट्ट, पिवळसर, चिकट असं जे येईल ते डबीत. उघड्यावर, माणसांपासून दूर. सगळं काम पाच मिनिटांचं. ते समजावून सांगणारी एक परिचारिका प्रत्येक ओपीडीत उभी केली, तर लाळेवर वाया जाणाऱ्या तपासण्या वाचतील. अँटिबायोटिक सुरू करायचंच असेल तर डबी त्याच्या आधी द्यावी. नंतर दिली तर मेलेल्या जंतूंचं कल्चर काय उगवणार?

जनुकं वाचायची तपासणी ओपीडीत आणा, असं मी म्हणत नाही. ती अजून संशोधनाची गोष्ट आहे, आणि अवघडही आहे. फुप्फुसात जंतू मुळात इतके थोडे असतात की तपासणीच्या रसायनांतलेच जंतू नमुन्यात येऊन घोळ घालतात; २०१४मध्ये हे उघडकीला आल्यावर कित्येक जुन्या निष्कर्षांकडे पुन्हा बघावं लागलं. मी साध्या कल्चरबद्दल बोलतोय. साध्या बुरशीच्या रक्ततपासणीबद्दल. घाटकोपरचं राजावाडी, मुलुंडचं अगरवाल, कांदिवलीचं शताब्दी, जुहूचं कूपर: ही आपली, पालिकेची रुग्णालयं. टीबी होऊन गेलेली आणि पुन्हा खोकत आलेली कितीतरी माणसं या चार दारांतून आत येतात. ‘टीबी निगेटिव्ह’ शिक्का बसलेली डबी फेकण्याऐवजी दुसऱ्या टेबलावर गेली पाहिजे, हा नियम पालिकेचा आरोग्य विभाग एका परिपत्रकाने करू शकतो.

संशोधनासाठीही आपल्याला लंडन-सिंगापूरकडे बघत बसायचं कारण नाही. पुण्याला एनसीसीएस या संशोधन संस्थेत सूक्ष्मजीवांचं राष्ट्रीय केंद्र आहे. डॉ. योगेश शौचे यांनी तिथे वर्षानुवर्षं भारतीयांच्या अंगातल्या जंतूंचं काम केलं. एकत्र कुटुंबातल्या तीन पिढ्यांच्या आतड्यांतली वस्ती वयानुसार कशी बदलते, हे त्यांच्या गटाने २०१२मध्ये दाखवलं. क्रॉनिक आजारांच्या ओझ्यात आपला वाटा बघा: जगाच्या १८ टक्के माणसं भारतात, पण श्वसनाच्या जुनाट आजारांनी वाया जाणाऱ्या आयुष्याची ३२ टक्के वर्षं भारताची, असा २०१६चा हिशोब आहे. रुग्ण इथे, प्रयोगशाळा तीन तासांवर. राजावाडीत सकाळी गोळा केलेला बेडका कोरड्या बर्फात घालून दुपारच्या गाडीत ठेवला तर संध्याकाळी पुण्याच्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये असतो. त्यासाठी रुग्णाची लेखी संमती हवी, नीतिमत्ता समितीची मंजुरी हवी, आणि नमुन्याबरोबर चार गोष्टींची नोंद हवी: टीबी कधी झाला, कोणती अँटिबायोटिक्स किती वेळा घेतली, घरात ओल आहे का, खिडकीत कबुतरं बसतात का.